पॉप्लरचा निकाल

नगरपालिकेच्या निवडणुकीचा निकाल ही वाचायला मोठी रुक्ष चीज. अमक्या वॉर्डात इतकी मते, तमक्या पक्षाला इतक्या जागा, आणि खाली बेरीज. चार दिवसांनी त्याच कागदाच्या पुडीत वाण्याकडून जिरे-मोहरी घरात येते. त्यातून तो निकाल साता समुद्रांपलीकडच्या, लंडनच्या पूर्व टोकाच्या एका वस्तीचा असला, तर आपण त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. तरी पण आज मी तुम्हांला अशाच एका निकालाची हकीकत सांगणार आहे. तारीख १ नोव्हेंबर १९१९. गावाचे नाव पॉप्लर. नगरपालिकेच्या जागा एकंदर ४२; त्यांपैकी मजूर पक्षाला मिळाल्या ३९. या एका आकड्यापायी पुढे दोन वर्षांनी तीस नगरसभासद तुरुंगात गेले, आणि शेवटी पार्लमेंटला कायदा बदलावा लागला.

पॉप्लरला मी गाव म्हणालो खरा, पण तो लंडन शहराचाच एक भाग. १८९९ च्या कायद्याने लंडनचे २८ विभाग पाडले. एकेका विभागाला तिकडे ‘बरो’ म्हणतात. प्रत्येक बरोला स्वतःची नगरपालिका, स्वतःचा मेयर, स्वतःची तिजोरी. वेस्टमिन्स्टर हा त्यांतलाच एक बरो. पार्लमेंट तिथे, राजवाडा तिथे, मोठमोठी हॉटेले आणि दुकाने तिथे. आणि पॉप्लर हाही एक बरो. तिथे थेम्स नदीच्या काठी गोद्या, गोद्यांच्या भोवती गोदामे, कारखाने आणि दाटीवाटीने उभी असलेली लहान लहान घरे. आपल्या देशातून निघालेला माल ज्या ‘ईस्ट इंडिया’ गोदीत उतरे, ती गोदी या पॉप्लरातच. म्हणजे आपला चहा नि ताग तिथल्या हमालांच्या पाठीवरून विलायतेत शिरत होता, म्हणा ना! १९२१ च्या सुमारास इथली वस्ती होती एक लाख साठ हजारांच्या घरात. गोदीतले काम रोजंदारीचे. सकाळी फाटकाशी जाऊन उभे राहायचे. मुकादमाने बोट दाखवले तर काम, नाही तर हात हलवीत घरी.

आता अशा वस्तीत मजूर पक्ष निवडून आला, यात नवल ते काय, असे तुम्ही म्हणाल. नवल आहे, आणि ते समजायला थोडे मागे जावे लागेल. १९१२ नंतर महायुद्धामुळे लंडनात या निवडणुका झाल्याच नव्हत्या. मध्ये सात वर्षे गेली. त्या अवधीत, १९१८ साली, मताधिकाराचा कायदा बदलला होता. मतदारांच्या याद्या पूर्वीपेक्षा पुष्कळच लांबल्या. घर चालवणाऱ्या पुरुषाबरोबर त्याच्या तीस वर्षांवरील पत्नीलाही स्थानिक निवडणुकीत मत मिळाले. आणखी एक गोष्ट झाली. तोवर गरिबांसाठी असलेल्या सरकारी मदतीचे चार शिलिंग ज्याने घेतले, त्याचे मत त्यासरशी जाई. दारिद्र्याची ही जणू शिक्षाच होती. १९१८ च्या कायद्याने ती रद्द झाली. म्हणजे मदत मागायला येणारा माणूस आणि मत टाकायला येणारा माणूस, हे दोघे पहिल्यांदाच एक झाले. लंडनभर त्या दिवशी मतदान तसे थंडच झाले, पण पॉप्लरच्या पेट्यांतून निघाले ते हे.

निवडून आले कोण? रेल्वेतले कामगार, मजूर, टपालवाले. त्यांचा म्होरक्या जॉर्ज लॅन्सबरी. या माणसाविषयी सांगावे तेवढे थोडे. जन्म १८५९ चा. तरुणपणी बायकामुले घेऊन नशीब काढायला ऑस्ट्रेलियास गेला, आणि तिथल्या हालांना कंटाळून वर्षभरात परत आला. पुढे सासऱ्याच्या लाकडाच्या वखारीत काम करू लागला. १९१० साली पार्लमेंटात गेला. स्त्रियांच्या मताधिकारासाठी १९१२ साली आपण होऊन जागेचा राजीनामा दिला, त्याच प्रश्नावर पुन्हा उभा राहिला, आणि पडला! पडला तरी त्याची लोकप्रियता तसूभर उणी झाली नाही. ‘डेली हेराल्ड’ पत्राचा तो संपादक होता. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याचा तो पक्षपाती. १९१९ च्या निकालानंतर पॉप्लरचा मजूर पक्षाचा पहिला मेयर झाला तो हाच.

जाता जाता एक गोष्ट. हे निकाल लागले तेव्हा लोकमान्य टिळकांचा विलायतेतला मुक्काम संपत आला होता. चिरोलवरच्या खटल्यासाठी ते तिकडे गेले होते. खटला हरले, पण मजूर पक्षाच्या पुढाऱ्यांशी त्यांनी संबंध जोडला, त्या पक्षाला पैशाचीही मदत केली, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ते मुंबईस परतले. उद्याचे इंग्लंड कोणाच्या हाती जाणार याचा त्यांचा अंदाज किती नेमका होता, हे अशा निकालांवरून ध्यानात येते. असो.

खुर्चीवर बसल्यावर पॉप्लरच्या लोकांनी कारभार जोरात सुरू केला. घरे बांधायला घेतली, लेकुरवाळ्या बायकांची आणि अर्भकांची काळजी घेण्याची व्यवस्था वाढवली. १९२० साली तर त्यांनी असा ठराव केला, की नगरपालिकेच्या नोकरीतल्या प्रौढ कामगाराला आठवड्याला निदान चार पौंड पगार मिळालाच पाहिजे, मग तो पुरुष असो वा बाई. बाईला पुरुषाइतका पगार! १९२० सालची ही गोष्ट आहे. पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. या ठरावाचे पुढे काय झाले ते मागाहून सांगतो.

पण खरी अडचण वेगळीच होती, आणि ती पैशाची होती. तिकडे नगरपालिकेचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः आपल्या घरपट्टीसारखी एक पट्टी. घराच्या ठरीव वार्षिक भाड्यावर दर पौंडामागे इतके शिलिंग नि इतक्या पेन्या, असा हिशेब. आता बघा, दोन बरोंनी सारखीच पट्टी बसवली, पौंडामागे एक पेनी. वेस्टमिन्स्टरमध्ये घरे टोलेजंग, भाडी भक्कम. तिथे या एका पेनीतून जेवढी रक्कम गोळा होई, ती पॉप्लरातल्या रकमेच्या आठ-नऊ पट भरे. इकडे खर्चाचे मान उलटे. वेस्टमिन्स्टरमध्ये बेकार मूठभर, पॉप्लरात हजारोंनी. आणि बेकारांना घरी बसून जी मदत द्यायची, तिचा बोजा ज्या त्या विभागाने आपापल्या पट्टीतून उचलायचा, असा नियम. अनाथालयात किंवा गरीबखान्यात ठेवलेल्या माणसांसाठी लंडनचा एक सामाईक फंड १८६७ पासून होता. पण घरी राहणाऱ्या गरिबाचा खर्च त्यात बसत नसे. म्हणजे जिथे गरीब जास्त, तिथे पट्टी जास्त. आणि ती भरायची कोणी? तर शेजारच्या गरिबाने. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घ्यायचे, आणि डोळस धडधाकट माणसाने रस्त्याच्या पलीकडे उभे राहून पाहायचे, असा तो न्याय.

१९२० च्या अखेरीस मंदी आली. १९२१ च्या उन्हाळ्यात इंग्लंडातील बेकारांचा आकडा वीस लाखांवर गेला. गोद्या ओस पडल्या. पॉप्लरात मदतीसाठी रांगा लागल्या. आता नगरपालिकेपुढे दोन वाटा होत्या. पट्टी इतकी वाढवायची की भाडेकरूचे कंबरडे मोडावे. किंवा मदत कमी करायची, म्हणजे ज्यांच्या मतांवर आपण निवडून आलो त्यांच्याच ताटातली भाकर काढून घ्यायची. दोन्ही वाटा कायद्याला संमत होत्या.

पॉप्लरने तिसरी वाट काढली. पट्टीचे पैसे सगळेच काही बरोच्या तिजोरीत राहत नसत. लंडन काउंटी कौन्सिल, पोलिसखाते, इस्पितळांचे मंडळ आणि पाणीपुरवठ्याचे मंडळ अशा चार बाहेरच्या संस्थांसाठी प्रत्येक बरोने पट्टी गोळा करून द्यायची असे. मार्च १९२१ मध्ये पॉप्लरच्या नगरपालिकेने ठराव केला, की आम्ही आमच्या कामापुरती आणि आमच्या गरिबांपुरती पट्टी बसवू; या चौघांसाठी एक पेनीही बसवणार नाही. लंडनच्या श्रीमंत भागांनी गरिबांचा वाटा उचलावा, मग आमचाही वाटा आम्ही देऊ.

हे चक्क कायद्याच्या विरुद्ध होते, आणि ते त्यांना पक्के ठाऊक होते. कौन्सिल कोर्टात गेले. २९ जुलै १९२१ रोजी हायकोर्टात सुनावणी. त्या दिवशी पॉप्लरचे नगरसभासद कोर्टात गेले ते पायी, मिरवणुकीने! पुढे बँड, मग नगरपालिकेचा राजदंड घेतलेला चोपदार, त्यामागे गळ्यात अधिकाराची साखळी घातलेला मेयर सॅम मार्च. हा गृहस्थ मूळचा गाडीवानांच्या संघटनेतला. त्याच्यामागे सभासद, आणि त्यांच्या पाठीशी पॉप्लरचे हजारो लोक. हाती फलक, त्यावर लिहिलेले, की आम्ही हायकोर्टाकडे निघालो आहोत आणि तिथून बहुधा तुरुंगाकडे. इंग्रज माणसाला अशा समारंभाची मोठी हौस. पण तुरुंगाची वाट चालताना चोपदाराला पुढे घालणारी नगरपालिका त्यांनीही पूर्वी पाहिली नसेल.

कोर्टाने सांगितले, पट्टी बसवा. यांनी अपील केले, ते फेटाळले गेले. यांनी पट्टी बसवली नाही. सप्टेंबर उजाडताच अटका सुरू झाल्या. कोर्टाचा अवमान हा गुन्हा. आणि शिक्षेला मुदत नाही, हुकूम पाळीपर्यंत आत. तीसजण गेले. पुरुष ब्रिक्स्टनच्या तुरुंगात, बायका हॉलोवेच्या. लॅन्सबरी स्वतः, त्याचा मुलगा एडगर, आणि एडगरची पत्नी मिनी. मिनी पेशाने शिक्षिका, वय अवघे बत्तीस. दुसरी नेली क्रेसल. तिला दिवस गेलेले होते. तिसरी सुसान लॉरेन्स. ही बाई श्रीमंताघरची, आधी विरुद्ध पक्षाच्या तिकिटावर काउंटी कौन्सिलात बसलेली. शाळा झाडणाऱ्या बायकांना किती तुटपुंजा पगार मिळतो हे पाहून तिचे मन पालटले, आणि ती मजूर पक्षात आली. बायकांना नेण्याच्या दिवशी टाऊन हॉलपाशी हजारो माणसे जमली होती.

आता तुरुंगातला मजकूर ऐका. सभासदांचा कोरम तुरुंगात, तेव्हा नगरपालिकेच्या सभा भरायच्या कुठे? त्यांनी तुरुंगातच सभा भरवण्याचा हक्क मागितला, आणि मिळवला. हॉलोवेहून बायकांना मोटारीत घालून ब्रिक्स्टनला आणीत, सभा होई, इतिवृत्त लिहिले जाई, आणि सभासद पुन्हा आपापल्या कोठड्यांकडे जात. संध्याकाळी भिंतीबाहेर गर्दी जमे, आणि साठी ओलांडलेला लॅन्सबरी खिडकीच्या गजांमधून तिच्यापुढे भाषण करी. आपल्याकडे तुरुंगांत पुढारी पुष्कळ गेले. पण नगरपालिकाच्या नगरपालिका कारभारासकट तुरुंगात बसल्याचा दाखला माझ्या तरी वाचनात दुसरा नाही.

सरकारची पंचाईत झाली. तुरुंगात ठेवावे तर हे बधत नाहीत. सोडावे तर कोर्टाची शोभा होते. नेलीला लोकांच्या दडपणामुळे लवकर सोडावे लागले. इतक्यात शेजारच्या स्टेपनी आणि बेथ्नल ग्रीन या बरोंनीही पॉप्लरच्या वाटेने जाण्याचे ठराव केले. स्टेपनीत या बाजूने उभा राहिलेला एक तरुण पुढारी होता क्लेमंट ॲटली. तोच पुढे पंतप्रधान झाला, आणि त्याच्याच कारकीर्दीत आपल्याला स्वातंत्र्य मिळाले. १२ ऑक्टोबरला, सुमारे सहा आठवड्यांनी, सगळ्यांची सुटका झाली. पट्टी बसवण्याचे कोणी कबूल केलेले नव्हते. सर्व संबंधितांची परिषद बोलावली गेली, आणि वर्ष सरायच्या आत पार्लमेंटने कायदा केला, की घरी राहणाऱ्या गरिबांच्या मदतीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत लंडनच्या सामाईक फंडातून व्हावा. म्हणजे वेस्टमिन्स्टरची पेनी पॉप्लरच्या चुलीपर्यंत पोचली.

या प्रकरणाला दुसरी बाजू नव्हती असे मात्र समजू नका. खुद्द मजूर पक्षातच मोठा मतभेद होता. हॅकनेचा मेयर हर्बर्ट मॉरिसन हा लंडनच्या मजूर पक्षाचा चिटणीस. त्याला हा मार्ग मुळीच पसंत नव्हता. त्याचे म्हणणे असे, की आपण कारभार कायद्याने आणि नेटका चालवून दाखवला, तरच मध्यम वर्गाची मते आपल्याकडे येतील. तुरुंगाच्या मिरवणुका पाहून ती बुजून जातील. यात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. पाणी, शाळा, आगीचे बंब यांचे पैसे प्रत्येक गावाने असेच अडवून धरले, तर शहर चालायचे कसे? ज्याला कायदा करायचा आहे त्यानेच तो मोडावा का, हा प्रश्न आपल्याही परिचयाचा आहे. माझ्यापुरते विचाराल, तर मला पॉप्लरची बाजू पटते, ती एवढ्यासाठी, की त्यांनी कायदा मोडला तो उघड, ठराव करून. आणि त्याची शिक्षा दुसऱ्याला पुढे न करता स्वतः भोगली. शिवाय अर्ज-विनंत्यांची वाट त्याआधी पुष्कळ वर्षे चोखाळून झाली होती.

आणि मतदार? त्यांना काय वाटले? याचे उत्तर द्यायला नोव्हेंबर १९२२ ची निवडणूक आली. लंडनभर मजूर पक्षाचा धुव्वा उडाला. १९१९ साली जिंकलेल्या शेकडो जागा हातच्या गेल्या. मॉरिसनची भीती अगदीच पोकळ नव्हती. पण पॉप्लरात? पॉप्लरने आपली नगरपालिका मजूर पक्षाच्याच हाती ठेवली. त्याच महिन्यात पार्लमेंटच्या निवडणुकीत त्यांनी लॅन्सबरीलाही पुन्हा पाठवले, आणि १९४० साली तो वारला तोवर ती जागा त्याचीच राहिली. या दुसऱ्या निकालाला पहिल्याहून मी अधिक मोल देतो. १९१९ साली लोकांनी मत दिले ते आशेपोटी. १९२२ चे मत सारे डोळ्यांनी पाहून दिलेले होते.

विजय मात्र निर्भेळ नव्हता. मघाशी चार पौंडांच्या पगाराचे सांगायचे राखले होते. मंदीत बाजारभाव उतरले, इतरत्र मजुरी घसरली. पॉप्लरने आपली चार पौंडांची मर्यादा खाली आणली नाही. सरकारी हिशेबतपासनिसाने आक्षेप घेतला, की हा पगार नव्हे, ही खिरापत. आणि पाच हजार पौंडांचा खर्च नामंजूर करून तो सभासदांच्या अंगावर टाकला. प्रकरण वर वर चढत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले, आणि १९२५ साली तिथे निकाल लागला तो पॉप्लरच्या विरुद्ध. एका लॉर्डने तर समाजवादी दानशूरपणाचे खूळ आणि स्त्रीपुरुष-समतेची हाव अशा अर्थाचे ताशेरे मारले. लोकांनी निवडून दिले म्हणून लोकांचा पैसा वाटेल तसा खर्चता येत नाही, हे या निकालाचे सूत्र; कायद्याचे विद्यार्थी तो आजही अभ्यासतात. गंमत अशी, की ज्याला लॉर्डसाहेबांनी हाव म्हटले, तो समान वेतनाचा कायदा १९७० साली त्याच पार्लमेंटने केला.

याच पॉप्लरात पुढे आपला एक पाहुणा राहून गेला. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी महात्माजी लंडनला गेले, ते वेस्ट एंडच्या हॉटेलात न उतरता बो भागातल्या किंग्ज्ली हॉलमध्ये, गरिबांच्या वस्तीत, राहिले. तो हॉल चालवणाऱ्या म्यूरिएल लेस्टर या बाई पॉप्लरच्या नगरपालिकेत आल्डरमन म्हणून काम केलेल्या. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत गांधीजी तिथे होते. पहाटे फिरायला निघत तेव्हा ज्या गल्ल्यांतून जात, त्या याच.

पॉप्लर ही नगरपालिका आता नाही. १९६५ साली स्टेपनी आणि बेथ्नल ग्रीनसह ती टॉवर हॅम्लेट्स या नव्या बरोत विलीन झाली. ईस्ट इंडिया गोदी १९६७ साली बंद पडली, वेस्ट इंडिया गोद्या १९८० साली. त्यांच्या जागी आज बँकांचे उंच मनोरे उभे आहेत. लॅन्सबरीच्या नावाची एक वसाहत मात्र तिथे आहे. १९५१ च्या ब्रिटन महोत्सवात नव्या घरबांधणीचा नमुना म्हणून ती लोकांना दाखवली होती.

मिनी लॅन्सबरीचे सांगायचे राहिले. तुरुंगातून सुटल्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते; १ जानेवारी १९२२ रोजी न्यूमोनियाने ती गेली. बो रोडवर एका इमारतीच्या भिंतीला तिच्या स्मरणार्थ एक घड्याळ लावलेले आहे. मधली काही वर्षे ते नादुरुस्त होऊन पडले होते. २००८ साली ते दुरुस्त करून पुन्हा चालू केले.